शाळेच्या मैदानापासून राष्ट्रीय शालेय हॉकी स्पर्धेपर्यंत : सातारा-सांगलीतील नवख्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

जूनमध्ये शाळा उघडल्या की दरवर्षी दोन-चार पालक तरी मुलाला सोबत घेऊन येतात आणि विचारतात, "सर, पोरगं हॉकी खेळतंय, त्याला नॅशनलला जायचंय, काय करावं लागंल?" या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, कारण शाळेचे मैदान आणि राष्ट्रीय स्पर्धा यांच्यामध्ये जिल्हा, विभाग आणि राज्य अशा तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर खेळाबरोबर कागद, तारखा, साहित्य आणि प्रवास यांचीही तयारी करावी लागते. सातारा जिल्ह्यात क्रीडाशिक्षक म्हणून काम करताना मुलांचे संघ घेऊन मी बरीच मैदाने पाहिली. त्यावरून माझे स्पष्ट मत झाले आहे की आपली मुले दमसासात किंवा जिद्दीत कोणाला हार जात नाहीत. ती मागे पडतात ती दोन ठिकाणी : कागदपत्रांच्या तपासणीत आणि टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, वेगाने आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात थांबवण्यात. या दोन्हींची तयारी शाळेच्या आवारात आणि हंगाम सुरू होण्याआधी करता येते, म्हणून त्यांवर येथे अधिक लिहिले आहे.

आपल्या भागात हॉकी नाही, हा समज आधी सोडावा. फलटण तालुक्यातील वाखरीची अक्षता ढेकळे आणि आसूची वैष्णवी फाळके भारताच्या महिला संघातून खेळल्या, त्याच तालुक्यातील ऋतुजा पिसाळही भारतीय संघांपर्यंत पोहोचली. या मुलींच्या गावांत गवताचे मैदान नव्हते, टर्फ तर दूरच. १९५२ साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले आणि त्याच ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचे सुवर्णपदक घेतले. आपल्या गावांनी त्यातील कुस्ती जिवापाड जपली, हॉकी मात्र मोजक्या शाळांपुरती राहिली. मुलींनी आता वाट दाखवली आहे. मुलांनी त्या वाटेने जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिली पायरी : कोणती स्पर्धा खेळायची ते समजून घ्यावे

शाळकरी मुलासाठी राष्ट्रीय पातळीवर जाण्याच्या तीन वाटा आहेत आणि नवखे पालक नेहमी त्यांची गल्लत करतात.

पहिली वाट राष्ट्रीय शालेय स्पर्धेची. ही स्पर्धा भारतीय शालेय खेळ महासंघ भरवतो आणि तिचे वयोगट सर्वसाधारणपणे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात. महाराष्ट्रात या स्पर्धेच्या खालच्या सर्व फेऱ्या क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेते आणि जिल्ह्यात त्याचे काम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय पाहते. या वाटेचे वैशिष्ट्य असे की राष्ट्रीय स्पर्धेत शाळेचा संघ जात नाही, तर राज्यभरातून निवडलेल्या मुलांचा महाराष्ट्राचा संघ जातो. त्यामुळे आपली शाळा वाटेत हरली, तरी चांगल्या खेळाडूसाठी दार पूर्ण बंद होत नाही.

दुसरी वाट नेहरू हॉकीची. १९६४ मध्ये स्थापन झालेली दिल्लीची जवाहरलाल नेहरू हॉकी टूर्नामेंट सोसायटी ही स्पर्धा भरवते. मुलांसाठी तिचे १५ आणि १७ वर्षांखालील गट आहेत. येथे उलट आहे : राज्यात पहिली आलेली शाळा आपल्याच संघानिशी राष्ट्रीय फेरीत उतरते. ज्या शाळेत एकाच वयाची पंधरा-सोळा मुले रोज एकत्र खेळतात, त्या शाळेने ही स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवावी. ज्या शाळेत दोनच मुले चांगली आहेत आणि बाकीचा संघ जमवलेला आहे, तेथील मुलांसाठी पहिली वाट अधिक आशेची आहे.

तिसरी वाट हॉकी इंडियाच्या सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धांची. तिचा शाळेशी संबंध नसतो. जिल्हा संघटनेमार्फत नाव नोंदवून हॉकी महाराष्ट्रच्या निवड चाचणीला जावे लागते. मुलाने पहिल्या दोन वाटांवर एक-दोन वर्षे घालवल्यानंतर या वाटेचा विचार केला तरी चालतो.

दुसरी पायरी : कागद जूनमध्येच पुरे करावेत

शालेय स्पर्धांचे वार्षिक नियोजन आणि परिपत्रक सत्राच्या सुरुवातीला येते. त्यात त्या वर्षीचे वयोगट, जन्मतारखेची मर्यादा, संघातील खेळाडूंची संख्या आणि प्रवेशिका भरण्याची मुदत दिलेली असते. वय मोजताना सामान्यतः त्या वर्षाचा ३१ डिसेंबर हा दिवस धरला जातो. मुलगा आज १३ वर्षांचा आहे म्हणून तो १४ वर्षांखालील गटात बसतो असे गृहीत धरू नये. डिसेंबरअखेर त्याची १४ वर्षे पुरी होत असतील, तर तो वरच्या गटात जातो.

प्रत्येक खेळाडूसाठी जन्मदाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, आधार कार्ड, बोनाफाइड, मागील इयत्तेचे गुणपत्रक आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे छायाचित्रासह ओळखपत्र एवढे एका पिशवीत हवे. शाळेची नोंदणी आणि खेळाडूंची यादी ऑनलाइन भरली जाते, म्हणून यादीतील नावाचे स्पेलिंग आणि आधारवरील स्पेलिंग एकच आहे ना, हे त्या वेळीच पाहावे. जन्माची नोंद फार उशिरा झालेली असेल, तर तपासणी अधिक बारकाईने होते. वयाविषयी शंका आली तर हाडांची वैद्यकीय चाचणीही घेतली जाते. वय लपवून मुलाला खालच्या गटात खेळवण्याचा मोह काही पालकांना आणि, सांगायला वाईट वाटते, काही शिक्षकांनाही होतो. त्यात पकडला जातो तो मुलगा आणि पुढची वर्षेही त्याचीच बुडतात.

एका वर्षी आमच्या १७ वर्षांखालील संघातील राइट हाफच्या (मधल्या फळीत उजवीकडे खेळणाऱ्या मुलाच्या) जन्मदाखल्यावर १२ मार्च होते आणि शाळेच्या रजिस्टरात २१ मार्च. आकड्यांची अदलाबदल कोणीतरी पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी केली होती आणि नऊ-दहा वर्षे ती कोणाच्या नजरेला आली नव्हती. दोन्ही तारखांनी तो वयात बसत होता, पण दोन कागद जुळत नाहीत म्हटल्यावर विभागीय स्पर्धेच्या तपासणीत त्याचे नाव बाजूला पडले आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होते. पूर्ण सामनाभर तो फक्कीच्या रेघेबाहेर, स्टिक आडवी मांडीवर घेऊन बसला होता. आम्ही एका गोलने हरलो. ते कागद मी आधी शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवे होते, ते वाचले नव्हते. तेव्हापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे सगळे कागद टेबलावर ओळीने मांडून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख मोठ्याने वाचायची, हा आमचा शिरस्ता आहे. वाचायचे मुलानेच. चूक सापडली तर रजिस्टरातील जन्मतारखेच्या दुरुस्तीला शिक्षण विभागाची मान्यता लागते आणि त्यात आठवडे जातात, म्हणून ऑगस्टमध्ये सापडलेली चूक त्या हंगामापुरती दुरुस्त होत नाही असेच समजावे.

तिसरी पायरी : स्टिक आणि इतर साहित्य

नवख्या मुलासाठी महागडी स्टिक घेऊ नये. स्टिक उभी धरली असता तिचे टोक कमरेच्या हाडापर्यंत यावे, एवढी लांबी पुरते. वाढत्या वयाचा म्हणून दोन इंच लांब स्टिक घेतली, तर मुलगा वाकायचे टाळतो आणि ती सवय पुढे जाता जात नाही. नियमाने स्टिक १०५ सेंटीमीटरपेक्षा लांब आणि ७३७ ग्रॅमपेक्षा जड असू नये, पण शाळकरी मुलाला याहून बरीच हलकी स्टिकच सोसते. तुतीच्या लाकडाच्या, जालंधरकडून येणाऱ्या स्टिकवर पहिली दोन वर्षे उत्तम शिकता येते. कंपोझिट, म्हणजे फायबर आणि कार्बनची, स्टिक घ्यायची झाली, तर कार्बनचे प्रमाण कमी असलेली घ्यावी. जास्त कार्बनच्या कडक स्टिकवर चेंडू जोरात जातो खरा, परंतु थांबवताना तो उसळून बाहेर पडतो.

डावखुऱ्या मुलांसाठी हॉकीत वेगळी स्टिक नसते. चेंडू फक्त सपाट बाजूनेच खेळता येतो आणि ती सर्वांची डावीकडेच असते. डावखुऱ्याने निराश होऊ नये, कारण वरचा हात डावाच असतो आणि ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू स्टिकने सरकवत नेताना, स्टिक फिरवण्याचे खरे काम तोच करतो.

शिनगार्ड आणि माउथगार्ड यांवर काटकसर करू नये. चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते आणि तो नडगीवर बसला की मूल महिनाभर खेळायला भिते. बूट दोन प्रकारचे लागतात : मातीवर चालणारे आणि टर्फवर चालणारे, ज्यांच्या तळाला रबराच्या बारीक गाठी असतात. दोन जोड परवडत नसतील, तर टर्फचाच जोड घ्यावा, तो मातीवरही चालून जातो. गोलकीपरचे किट शाळेने घ्यावे, ते एका कुटुंबाला झेपणारे नसते. मात्र हेल्मेट त्या मुलाच्या डोक्याला घट्ट बसते ना, हे पाहिल्याशिवाय त्याला गोलात उभे करू नये.

चौथी पायरी : मातीवर राहून टर्फची तयारी

आपल्या बहुतेक शाळांना पूर्ण मापाचे, म्हणजे ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, मैदान मिळत नाही. जे आहे ते मुरमाचे किंवा मातीचे असते, पश्चिमेकडे जावळी-पाटणच्या बाजूला पावसाळाभर चिखलाचे आणि माण, खटाव, जत, आटपाडीकडे खड्यांचे. अशा मैदानावर चेंडू उड्या घेत येतो, म्हणून मुले नकळत एक गोष्ट शिकतात : चेंडू येताना स्टिक उभी धरायची, म्हणजे तो कसाही उसळला तरी दांड्याला कुठेतरी लागतो. मातीवर हे शहाणपणच असते. टर्फवर मात्र चेंडू जमिनीला चिकटून, पाण्यावरून सरकत आणि अपेक्षेपेक्षा फार आधी येतो. उभ्या स्टिकखालून तो निघून जातो आणि मुलगा मागे वळून पाहतो तोवर समोरच्या संघाचा फॉरवर्ड त्यावर पोहोचलेला असतो. पहिल्यांदा टर्फवर उतरलेल्या आमच्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाबतीत मी हे पाहिले आहे.

यावर उपाय शाळेतच आहे. बास्केटबॉलचे सिमेंटचे कोर्ट, कोब्याचा व्हरांडा, शहाबादी फरशीची मोकळी जागा, यांपैकी काहीही चालते. जुनी लाकडी स्टिक घ्यावी, तिच्या खालच्या कडेला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ती झिजत नाही. दोन मुलांनी आठ-दहा मीटरवर समोरासमोर उभे राहून पुश पास, म्हणजे स्टिक मागे न उचलता चेंडू ढकलून दिलेला पास, द्यायचा. घेणाऱ्याने गुडघे वाकवून, पाठ खाली आणून, उजवा हात दांड्यावर निम्म्याच्या खाली सरकवायचा आणि स्टिक आडवी, जमिनीला जवळजवळ टेकलेली ठेवायची. स्टिकचा वरचा भाग किंचित पुढे झुकलेला असला की चेंडू खाली दाबला जातो. चेंडू लागण्याच्या क्षणी हातांची पकड सैल सोडून स्टिक बोटभर मागे घ्यायची. हे नीट जमले की आवाज बदलतो. कडक हातांनी थांबवलेला चेंडू "टक्" असा वाजतो आणि फूटभर पुढे पळतो, सैल हातांनी घेतलेला "टप्" असा दबका वाजतो आणि तेथेच राहतो. मी मुलांना डोळे मिटून शेजारच्या जोडीचा आवाज ऐकायला लावतो. आठवडाभरात त्यांना न पाहता सांगता येते की चेंडू कोणाच्या स्टिकवर थांबला आणि कोणाच्या स्टिकवरून सुटला.

असे रोज शंभर पास घ्यावेत, पन्नास सरळ बाजूने आणि पन्नास स्टिक उलटी करून डाव्या बाजूला. त्यानंतर ड्रिबल. आपल्या मुलांना ड्रिबलची आवड फार, आणि ती मोडू नये, कारण चेंडू डावी-उजवीकडे सरकवत नेण्याची ही हातोटी जगात भारतीय खेळाची ओळख म्हणून मानली जाते. फक्त ड्रिबल करताना मान वर हवी. पाच पावले झाली की समोर उभ्या असलेल्या मुलाने हाताची किती बोटे दाखवली, ते सांगायचे, एवढा एक सराव मान वर करायला पुरेसा आहे.

हंगामापूर्वी निदान चार-पाच वेळा खऱ्या टर्फवर जाणे मात्र टाळू नये. कोल्हापुरात हॉकीची परंपरा जुनी आहे आणि तेथील मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमवर टर्फ आहे. सांगलीहून ते सुमारे ५० किलोमीटर आणि साताऱ्याहून सुमारे १२० किलोमीटर पडते. फलटण, खंडाळा, शिरवळ या बाजूच्या शाळांना पिंपरीतील नेहरूनगरचे मैदान किंवा बालेवाडीचे क्रीडा संकुल सोयीचे होते. मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन आधी परवानगी आणि वेळ ठरवून घ्यावी. शक्य झाल्यास तेथील एखाद्या शाळेशी सरावाचा सामना मागावा, बहुतेक ठिकाणी लोक आनंदाने खेळतात. पहिल्या दिवशी सामना खेळूच नये. पहिला तास फक्त पास आणि स्टॉप करावा, मुलांना चेंडूचा वेग अंगात भिनू द्यावा. टर्फवर पडल्यावर गुडघे-कोपरे सोलपटतात. प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याचे भरपूर पाणी बरोबर न्यावे.

पेनल्टी कॉर्नरसाठी, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या फाउलबद्दल मिळणाऱ्या खास संधीसाठी, वेगळा वेळ काढावा, कारण शालेय सामन्यांत मैदानी गोल कमी होतात आणि निकाल बहुधा येथेच लागतो. गोलपोस्टपासून किमान १० मीटर अंतरावरून एकजण चेंडू आत सोडतो, "डी"च्या बाहेर, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धवर्तुळाच्या बाहेर, दुसरा तो थांबवतो आणि तिसरा मारतो. चेंडू "डी"च्या बाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही. पहिला फटका जोरदार हिटचा असेल, तर तो गोलमध्ये तळाच्या फळीच्या उंचीपर्यंतच, म्हणजे ४६० मिलिमीटरपर्यंत, चालतो. बचावाला गोलकीपर धरून पाचच जण असतात. लहान मुलांना ड्रॅग फ्लिकचे, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन गोलात फेकण्याचे, फार आकर्षण असते, पण १४-१५ वर्षांच्या मुलाच्या कमरेवर त्याचा ताण येतो. त्या वयात सोडणारा, थांबवणारा आणि मारणारा या तिघांनी रोज वीस मिनिटे एकत्र घालवली, तर साध्या हिटवरही गोल होतात. थांबवणारा मुलगा संघातला सर्वांत शांत मुलगा असावा, असे माझे निरीक्षण आहे.

पालकांनी जाणून घ्यायचे नियम

सामना १५ मिनिटांच्या चार भागांचा असतो. खालच्या फेऱ्यांत संघ जास्त आणि दिवस कमी असल्याने वेळ कमी ठेवली जाते, ती संघ व्यवस्थापकांच्या बैठकीत सांगतात. मैदानावर ११ जण असतात आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, त्यामुळे मुलाला मध्येच बाहेर बोलावले तर त्याच्यावर अन्याय झाला असे समजून रेघेवरून आरडाओरडा करू नये. गोल मोजला जाण्यासाठी चेंडूला हल्ला करणाऱ्या खेळाडूची स्टिक "डी"च्या आत लागलेली असावी लागते, बाहेरून थेट आत गेलेला चेंडू गोल नसतो. पायाला चेंडू लागून फायदा झाला, तर फाउल. स्टिकच्या गोलाकार पाठीने खेळले, तरी फाउल. हिरवे कार्ड म्हणजे २ मिनिटे बाहेर, पिवळे म्हणजे किमान ५ मिनिटे आणि लाल म्हणजे उरलेला सामना बाहेर. बाद फेरीत बरोबरी झाली, तर शूटआउट होते. २३ मीटरच्या रेघेवरून निघून ८ सेकंदांत एकट्या गोलकीपरला चुकवायचे असते. याचा सराव शाळा करत नाहीत आणि मग तेथे हरतात. आठवड्यातून एकदा, मुले दमलेली असताना, घड्याळ लावून तो घ्यावा.

जिल्हा, विभाग, राज्य

हॉकीचे संघ थोडे असल्याने तालुका पातळीवर बहुधा सामने होत नाहीत, थेट जिल्हा स्पर्धा होते. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका क्षेत्राची स्पर्धा सांगली जिल्ह्याच्या ग्रामीण भागापासून वेगळी धरली जाते, त्यामुळे आपली शाळा कोठे मोडते ते आधी पाहावे. नेहरू हॉकीच्या जिल्हा फेऱ्या सहसा पावसाळ्यातच उरकतात. चिखलात ड्रिबल चालत नाही, तेथे उंच न उडवता लांब आणि सरळ मारणारे फुल बॅक, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, सामना जिंकून देतात. सरावही त्या आठवड्यांत तसाच करावा.

जिल्हा जिंकलेला संघ कोल्हापूर विभागात जातो. या विभागात कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे आहेत आणि आपल्या मुलांची खरी परीक्षा येथे होते, कारण कोल्हापूरच्या शाळांतील मुलांना लहानपणापासून सामने खेळायला आणि पाहायला मिळतात. त्यांच्याशी खेळताना आपली मुले पहिली दहा मिनिटे दबून जातात आणि तेवढ्यात एक-दोन गोल होऊन बसतात. त्या दहा मिनिटांसाठी मी मुलांना एकच काम देतो : चेंडू मिळाला की जवळच्या आपल्या माणसाला सोपा पास. ड्रिबल नाही, लांब हिट नाही. दहा सोपे पास झाले की भीती आपोआप ओसरते.

विभागात हरलो तरी लगेच गाडीत बसू नये. राज्य संघाच्या निवड चाचणीसाठी हरलेल्या संघांतीलही काही खेळाडूंची नावे घेतली जातात आणि यादी तेथेच तयार होते. आपल्या मुलाचे नाव त्यात आहे का, त्याचे कागद पुढे गेले का, चाचणीची तारीख कोणती, हे शिक्षकाने लेखी घेऊनच निघावे.

निवड चाचणीत मुले एकमेकांना ओळखत नसतात, प्रत्येकाला आपण दिसावे असे वाटते आणि म्हणून सगळे एकट्याने चेंडू घेऊन पळतात. निवड समितीत बसलेल्या जाणत्या लोकांचे लक्ष त्यापेक्षा वेगळ्या गोष्टींकडे असते : चेंडू गेल्यावर मुलगा परत मागे पळतो का, पास येण्याआधी तो खांद्यावरून मागे पाहतो का, पहिल्या स्पर्शात चेंडू त्याच्या ताब्यात येतो का. आपली जागा कोणती, असे विचारल्यावर "कुठेही खेळतो" असे उत्तर देऊ नये. "लेफ्ट हाफ, गरज पडली तर सेंटर हाफ" असे नेमके सांगावे.

राष्ट्रीय स्पर्धेला जाताना

राज्य संघात निवड झाली की स्पर्धेपूर्वी सराव शिबिर होते आणि तेथून संघ एकत्र निघतो. स्पर्धा बऱ्याचदा हिवाळ्यात आणि उत्तरेकडे किंवा मध्य भारतात असते. साताऱ्याची थंडी माहीत असलेल्या मुलालाही तिकडची धुक्याची सकाळ वेगळी वाटते. सकाळच्या सामन्याला हाताची बोटे आखडतात आणि सैल पकडीचा सगळा सराव तेथे विसरला जातो. लोकरीचे हातमोजे, कानटोपी, दोन स्वेटर आणि एक जाड पांघरूण द्यावे. सामन्याआधी इतरांपेक्षा पंधरा मिनिटे जास्त वॉर्म-अप करावा आणि त्यात शेवटी हातांसाठी पुश पास घ्यावेत.

जेवणात भाकरी मिळत नाही. महिनाभर आधीपासून मुलाला पोळी-भाजी, वरण-भात आणि राजमा-छोले यांची सवय करावी. घरचे शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, गूळ आणि फुटाणे बरोबर द्यावेत. रस्त्यावरचे पाणी पिऊ नये. बाटली नावासह प्रत्येकाची वेगळी असावी, कारण एकाला ताप आला की निवासाच्या हॉलमध्ये तो सगळ्यांना येतो.

सामने आधी गटसाखळी आणि मग बाद पद्धतीने होतात. पंजाब, हरियाणा, ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश येथील मुले वसतिगृहांत आणि अकादमीत राहून वर्षभर टर्फवर खेळलेली असतात. ती आपल्या मुलांपेक्षा अंगाने मोठी असतातच असे नाही, पण त्यांचे पास दोन स्पर्शांत निघतात. त्यांचे सामने आपल्या मुलांना गॅलरीत बसवून दाखवावेत आणि प्रत्येकाने फक्त आपल्या जागेवरच्या एका खेळाडूकडे पूर्ण सामना पाहावे. आमचा एक लेफ्ट हाफ असा एका झारखंडी मुलाकडे पाहत बसला होता आणि रात्री वहीत त्याने लिहिले होते : "तो चेंडू नसतानाच जास्त पळतो." मी शिकवून शिकवून जे त्याला सांगू शकलो नव्हतो, ते त्याला तेथे एका तासात उमगले.

घरच्यांनी रोज रात्री एकदाच फोन करावा आणि जिंकला की हरला हे विचारण्याआधी जेवला का, झोप झाली का, हे विचारावे. खेळवले नाही म्हणून रडणाऱ्या मुलाला "सरांना सांगतो" असे म्हणू नये. राखीव खेळाडूलाही तिसऱ्या सामन्यात अचानक उतरावे लागते आणि तोवर त्याचे मन ताजे राहिले पाहिजे.

शाळा, दहावी आणि पुढची सोय

"औंदा दहावी हाय, पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून सप्टेंबरमध्ये स्टिक माळ्यावर टाकणारे पालक मला दरवर्षी भेटतात. १७ वर्षांखालील गट दहावीच्या आसपासच संपतो, पुढच्या वर्षी बऱ्याच मुलांना तो गट राहत नाही. शालेय स्पर्धांतील कामगिरीसाठी दहावी-बारावीला शासनाच्या निकषांनुसार सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मी केवळ गुणांसाठी मुलाला खेळवावे असे सांगणार नाही, पण अभ्यास आणि हॉकी एकमेकांचे वैरी आहेत हा हिशेब चुकीचा आहे. पहाटे दीड तास सराव करून मुलगा दहावी नीट पास होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मुलगा लहान असेल आणि त्याला खरोखर पुढे जायचे असेल, तर शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांवर लक्ष ठेवावे. तेथे धावणे, उडी, चेंडूफेक अशा शारीरिक चाचण्यांतून मुले निवडली जातात आणि निवासासह प्रशिक्षण मिळते. फलटणच्या मुलींची वाट याच दारातून गेली.

राष्ट्रीय स्पर्धा संपली की समारोपाच्या गडबडीत प्रमाणपत्रे वाटली जातात आणि मुले ती गुंडाळी करून किटबॅगेत कोंबतात. तसे करू नये. हातात पडताक्षणी नावाचे स्पेलिंग, वयोगट, स्पर्धेची तारीख, ठिकाण आणि मिळालेले स्थान जन्मदाखल्याशी व यादीशी ताडून पाहावे, कारण दुरुस्ती तेथे बसलेल्या आयोजकांकडून लगेच होऊ शकते, घरी आल्यावर तिच्यासाठी महिनोन् महिने पत्रव्यवहार करावा लागतो. पुढे गुणांसाठी शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयात प्रस्ताव पाठवताना आणि नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी होताना हीच अक्षरे पाहिली जातात. मूळ प्रत सपाट फाइलमध्ये ठेवावी, लॅमिनेट करू नये, आणि दोन छायांकित प्रती शाळेच्या दप्तरात जमा कराव्यात.